निष्ठा की नाइलाज? टॉम फिनीच्या निमित्ताने एक वाद

मे १९५२. इंग्लंडचा फुटबॉल संघ इटलीच्या दौऱ्यावर होता. फ्लॉरेन्सची लढत १-१ अशी सुटली आणि सिसिलीतल्या पालेर्मो क्लबच्या धनाढ्य मालकाने इंग्लंडच्या एका विंगरला आपल्याकडे येण्याचं आमंत्रण दिलं. सही करताच १० हजार पौंड, महिन्याला १३० पौंड पगार, वर बोनस, राहायला बंगला, फिरायला मोटार आणि कुटुंबाचा प्रवासखर्च. हा विंगर तेव्हा प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबकडून खेळत होता आणि तिथे त्याला आठवड्याला १४ पौंड मिळत. तो पालेर्मोला गेला नाही. पुढची आठ वर्षं तो प्रेस्टनकडूनच खेळला आणि जोडीला नळजोडणीचा धंदा करत राहिला.

त्याचं नाव टॉम फिनी. ‘प्रेस्टनचा प्लंबर’ म्हणून इंग्लंड त्याला ओळखतं. त्याच्या साधेपणाच्या गोष्टी तिथे आजही सांगतात. पण त्या साधेपणाकडे दोन बाजूंनी पाहता येतं. खालच्या संवादातले मामा कोल्हापूरचे, निवृत्त क्रीडाशिक्षक, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठेच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारे. भाची पुण्यात कामगार न्यायालयात वकिली करते.

मामा : असा माणूस आता होणे नाही बघ. आमच्याकडं हंगामाची नोंदणी सुरू झाली की कालपर्यंत आमच्या तालमीत घाम गाळणारा पोरगा समोरच्या पेठेच्या जर्सीत दिसतो. चार पैसे जास्त मिळाले की झालं. आणि हा फिनी! दहा हजार पौंड समोर ठेवले होते, तरी प्रेस्टन सोडलं नाही.

भाची : सोडलं नाही की सोडू दिलं नाही?

मामा : म्हणजे?

भाची : म्हणजे पालेर्मोचं बोलावणं आल्यावर तो काय करतो? घरी येऊन आपल्या क्लबच्या अध्यक्षांना भेटतो. नॅट बक त्यांचं नाव. जायचंच नसतं तर भेटायला कशाला गेला असता? आणि बकसाहेबांनी त्याला एका वाक्यात वाटेला लावलं : प्रेस्टनकडून खेळणार नसशील, तर कुणाकडूनच खेळणार नाहीस. संपलं. तुम्ही जिला निष्ठा म्हणता तिच्यावर क्लबचा शिक्का होता, मामा.

मामा : अगं, पण म्हणून त्यानं कुठं आदळआपट केली? पेपरात जाऊन गाऱ्हाणं सांगितलं? गुमान सरावाला हजर झाला.

भाची : केली असती तर काय झालं असतं ते ऐका. त्या काळी इंग्लंडमध्ये हंगाम संपला की क्लब दोन याद्या काढायचा. एक सोडायच्या खेळाडूंची, एक ठेवून घ्यायच्या खेळाडूंची. ठेवून घ्यायच्या यादीत नाव आलं की करार संपला असला तरी दुसरीकडे खेळता यायचं नाही. क्लबने दिलेला पगार मान्य नसेल तर बसा घरी, पगारही नाही आणि सुटकाही नाही. आपल्याकडच्या सालगड्यालासुद्धा पाडव्याला साल संपलं की दुसरा मालक धरता येतो. या माणसाला तेवढीही मुभा नव्हती.

मामा : पण काही जण गेलेच की! तो नील फ्रँकलिन, स्टोकचा. दक्षिण अमेरिकेत गेला होता ना?

भाची : गेला, १९५० मध्ये, कोलंबियातल्या बोगोटाला. इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा सेंटर हाफ होता तो. थोड्याच काळात परत आला, तर त्याच्यावर बंदी. पुन्हा इंग्लंडची जर्सी त्याच्या अंगावर चढली नाही. फिनीच्या डोळ्यासमोर दोनच वर्षांपूर्वीचं हे उदाहरण होतं. बायको, मुलं आणि गाव मागे ठेवून तो अशी उडी मारेल का?

मामा : तू सगळं पैशात आणि नियमात मोजतेस. माणूस कुठून आला तेही बघ की. १९२२ चा जन्म, प्रेस्टनच्या डीपडेल मैदानाच्या अगदी जवळ. चार वर्षांचा असताना आई गेली. अंगानं किरकोळ, चौदाव्या वर्षी पाच फूटही उंची नव्हती. मूळचा डावखुरा. पण बेट्यानं उजवा पाय घासून घासून असा तयार केला की पुढं कोणता पाय मूळचा ते बचाव करणाऱ्याला कळत नसे. मी तीस वर्षं पोरं शिकवली. दुबळा पाय तयार करायला सांगितलं की दहातली नऊ पोरं आठवडाभरात कंटाळतात. चेंडू भिंतीवर मारायचा, परत येणारा त्याच पायानं थांबवायचा, पुन्हा मारायचा. टाळ्या नाहीत, गोल नाहीत. त्याला फार सोसणारा जीव लागतो.

भाची : त्याच्या खेळाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

मामा : थांब, पुढचं ऐक. पंधराव्या वर्षी प्रेस्टननं त्याला बोलावलं, आठवड्याला अडीच पौंड देतो म्हणाले. पोरगं नाचायला लागलं असेल. बाप म्हणाला, आधी प्लंबिंगची उमेदवारी पुरी कर, मग काय तो फुटबॉल. आणि यानं ऐकलं! दिवसा पाना आणि पाइप, संध्याकाळी मैदान. इतक्यात महायुद्ध पेटलं. हा रणगाड्यांच्या दलात भरती झाला, इजिप्तला गेला, तिथून इटलीच्या आघाडीवर. लीगमधला पहिला सामना खेळला तो ऑगस्ट १९४६ मध्ये, चोविसाव्या वर्षी. आजचं पोरगं चोविसाव्या वर्षी तीन क्लब बदलून झालेलं असतं. आणि त्यानंतर महिन्याभरात हा इंग्लंडच्या संघात, बेलफास्टमध्ये, पहिल्याच सामन्यात गोल. ज्या माणसानं ऐन उमेदीची वर्षं युद्धाला दिली, त्याला कुणी आठवड्याला किती देतं याचं किती अप्रूप असणार?

भाची : अप्रूप नसेलही, गरज तर असेल. पगाराला तेव्हा वरून टोपण होतं. लीगनेच कमाल वेतन ठरवलं होतं. युद्धानंतर हंगामात आठवड्याला १२ पौंड, मग १४, १५, १७ आणि फिनी निवृत्त झाला तेव्हा २० पौंड. इंग्लंडकडून ७६ सामने आणि ३० गोल, वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून १९५४ आणि १९५७ असा दोनदा निवडलेला, आणि पगार संघातल्या साध्या बॅकपेक्षा एक पेनीही जास्त मिळणार नाही. आता पालेर्मोच्या नुसत्या सहीच्या रकमेचा हिशोब करा. १४ पौंडांनी दहा हजार जमायला सातशेच्या वर आठवडे लागतात. जवळजवळ चौदा वर्षांचा पगार त्याच्यासमोर एका दिवसात ठेवला होता. डीपडेलवर दर पंधरवड्याला हजारो माणसं तिकीट काढून त्यालाच बघायला यायची. ते पैसे कुठे जात होते हे विचारलं तर तो नम्र राहत नाही का?

मामा : विचारायला हरकत नाही. पण क्लब म्हणजे काही सावकार नव्हे गं. प्रेस्टन म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. १८८८-८९ मध्ये इंग्लंडची पहिली लीग एकही सामना न हरता जिंकणारा हाच क्लब. गिरणीतली माणसं शनिवारी दुपारी सुटली की मैदानावर. त्यांना जे मिळे तेवढ्यात हा पण जगत होता. म्हणून तो त्यांना आपला वाटायचा.

भाची : गिरणीतल्या माणसाला एक गिरणी सोडून दुसरीत जाता यायचं, मामा. संपही करता यायचा.

मामा : आणि क्लबनं तरी काय, सगळ्यांनाच बांधून ठेवलं होतं?

भाची : क्लबला सोयीचं असेल तेव्हा दार उघडायचं. जॉन चार्ल्सचं बघा. लीड्सचा हा धिप्पाड वेल्श खेळाडू १९५७ मध्ये युव्हेंटसला गेला, ६५ हजार पौंडांना. का जाऊ दिलं? आदल्या वर्षी लीड्सचं प्रेक्षागृह आगीत खाक झालं होतं आणि क्लबला पैसा हवा होता. फिनीची इच्छा होती, तर नाही. क्लबची गरज होती, तर चार्ल्स मोकळा. पुढे चार्ल्सचं इटलीत सोनं झालं. नियम एकच, मर्जी मालकाची.

मामा : हे मात्र मला खटकतं. कबूल. पण तू म्हणतेस तसा हा माणूस दबलेला असता तर ते त्याच्या खेळात दिसलं असतं. दबलेला माणूस अंग राखून खेळतो. १९४९ मध्ये प्रेस्टन दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये घसरला. इंग्लंडचा खेळाडू दोन वर्षं दुसऱ्या दर्जात खेळत बसला आणि १९५१ मध्ये संघाला वर घेऊन आला. १९५३ मध्ये लीगचं विजेतेपद हातात आलं होतं. आर्सेनल आणि प्रेस्टनचे गुण सारखे, ५४-५४. गोलांच्या सरासरीत पाव मात्रेनं गेलं! १९५८ मध्ये पुन्हा दुसरा क्रमांक. १९५४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविचकडून ३-२ नं हार, आणि त्या दिवशी हा कप्तान. आदल्याच वर्षी त्याच वेम्बलीवर स्टॅनली मॅथ्यूजनं ब्लॅकपूलला कप मिळवून दिला होता, साऱ्या देशानं त्याला डोक्यावर घेतलं होतं. फिनीच्या पदरात एकही मोठं पदक नाही. पण एका सामन्यात अंग राखलं असं कुणी म्हणालेलं नाही. पुढं त्याला विंगवरून काढून सेंटर फॉरवर्डला उभं केलं, पस्तिशीच्या तोंडावर. तिथंही तो गोल करत सुटला. इंग्लंडकडून उजव्या विंगला ४० सामने, डाव्या विंगला ३३, मध्ये तीन. सांगाल तिथं उभा राहतो म्हणजे काय ते हे.

भाची : ‘सांगाल तिथं उभा राहतो.’ मालकाला ऐकायला किती गोड वाक्य आहे हे! माझी तक्रार फिनीबद्दल नाहीच. तो नम्र होता, मान्य. पण त्याच्या नम्रतेची जाहिरात कोण करतं आणि कशासाठी करतं? प्रत्येक कारखान्यात एक असा जुना कामगार असतो. कधी रजा नाही, कधी उलट उत्तर नाही. युनियनने मागणी केली की व्यवस्थापक त्याच्याकडेच बोट दाखवतो : बघा, शिका काहीतरी. त्या बिचाऱ्याला कुणी विचारलेलंही नसतं. फिनीचं तेच झालं. खेळाडूंनी पगार मागितला की फिनीचा दाखला.

मामा : त्याच्या उलट बाजू सांगू? त्या कमाल पगारामुळंच लहान गावांचे क्लब टिकून होते. १९५३ चा कप ब्लॅकपूलला, १९५८ चा बोल्टनला, १९६० ची लीग बर्नलीला. सगळी लँकेशायरमधली लहान गावं. जानेवारी १९६१ मध्ये जिमी हिल आणि त्याच्या खेळाडूंच्या संघटनेनं संपाची धमकी देऊन ते टोपण काढायला लावलं. लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड! पुढं पैसा मोठ्या शहरांकडं वाहायला लागला. फिनी १९६० मध्ये निवृत्त झाला, १९६१ मध्ये प्रेस्टन खाली गेला, तो आजतागायत अव्वल लीगमध्ये परत आलेला नाही. खेळाडू सुटले, पण गावं बुडाली त्याचं काय?

भाची : प्रेस्टन घसरला कारण फिनी गेला, टोपण अर्ध्या हंगामात निघालं म्हणून नव्हे. पण तुमचा मुख्य मुद्दा खरा धरून चालू. स्वस्त मजुरीवर लहान गावांचा अभिमान जगत होता. तर तो अभिमान कुणाच्या खिशातून जगत होता? अकरा माणसांच्या. वयाच्या पस्तिशीत ज्यांचे गुडघे जातात त्या अकरा माणसांच्या. गावाला अभिमान हवा तर गावाने वर्गणी काढावी, खेळाडूच्या पगारातून परस्पर कापू नये. आणि सुटकाही काही कुणी ताटात वाढून दिली नाही. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने १९६० मध्ये खेळायलाच नकार दिला, काही महिने बूचविक्रीची नोकरी केली, मग आर्सेनलला गेला आणि वर कोर्टातही गेला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की माणसाला असं अडकवून ठेवणं म्हणजे त्याच्या धंद्यावर अवाजवी बंधन. मी तो निकाल वाचला आहे. आमच्या पेशात तो अजून वाचतात.

मामा : तू म्हणतेस ते डोक्याला पटतं. पण एक गोष्ट तुझ्या हिशोबात बसत नाही. फिनीला कुणी हात जोडायला लावू शकलं नाही, कारण त्याच्या हातात पाना होता. भावाबरोबर त्यानं प्लंबिंगचा धंदा काढला होता. सकाळी सराव, दुपारी कुणाच्या घरी गळका पाइप. क्लब त्याला दुसरीकडं खेळू देत नव्हता, पण त्याची चूल क्लबच्या हातात नव्हती. बापानं पंधराव्या वर्षी जे केलं त्याचं मोल इथं कळतं.

भाची : देशातला पहिल्या क्रमांकाचा विंगर दुपारी दुसऱ्याच्या मोरीतला नळ बसवतो, हे तुम्हाला छान वाटतं. मला लाज वाटते.

मामा : लाज कशाची? कामाची?

भाची : कामाची नाही हो. ते करावं लागलं याची.

मामा : करावं लागलं की करावंसं वाटलं, हे कसं ठरवणार? तूच सांग, वकील तू आहेस.

भाची : ठरवता येतं. जबरदस्ती उठल्यावर माणूस काय करतो ते बघायचं. कुलूप असताना घरात बसलेल्याचं मन कळत नाही. कुलूप निघाल्यावर कळतं.

मामा : मग १९६० नंतरचं बघ. ३० एप्रिल १९६०, डीपडेलवर ल्यूटनविरुद्ध शेवटचा सामना. ४३३ लीग सामने, १८७ गोल, सगळे प्रेस्टनसाठी. त्या दिवशी क्लबचा त्याच्यावरचा हक्क संपला. लंडनला जाऊन नाव विकता आलं असतं. एखाद्या क्लबचा व्यवस्थापक होता आलं असतं. हा गावातच राहिला. धंदा वाढवला, मोठा केला. गावात मानद दंडाधिकारी म्हणून बसला. प्रेस्टन क्लबचा अध्यक्ष झाला, ज्या क्लबनं त्याला पालेर्मोला जाऊ दिलं नव्हतं त्याच क्लबचा. पत्नीला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा तिची सेवा केली. १९९८ मध्ये सर झाला, तरी गावात टॉमच. २०१४ मध्ये गेला, तो प्रेस्टनचा म्हणूनच. हे कुणी लादलं होतं?

भाची : नाही. हा पुरावा मी मान्य करते. १९६० नंतरच्या फिनीला मी निष्ठावान म्हणेन, अगदी मनापासून. त्याआधीच्या फिनीबद्दल मी एवढंच म्हणेन की तो असेलही, पण ते कळायची सोय क्लबने ठेवली नव्हती. निष्ठा सिद्ध करण्याची संधीसुद्धा त्यांनी त्याच्याकडून काढून घेतली होती.

मामा : हं. असं मी पाहिलं नव्हतं. म्हणजे सोडून जायची मुभा असती आणि तरी तो राहिला असता, तर त्याचं नाव आणखी मोठं झालं असतं, असं तुझं म्हणणं.

भाची : किंवा गेला असता आणि दोन वर्षांनी परत आला असता. त्यानेही त्याचं नाव लहान झालं नसतं. १९६३ मध्ये तो खेळलाच की दुसऱ्या क्लबकडून.

मामा : ते भारीच! वय ४१. बेलफास्टच्या डिस्टिलरी क्लबनं गळ घातली म्हणून युरोपियन कपात उतरला, आणि समोर कोण, तर युसेबियोचा बेनफिका. ३-३! तीन वर्षांपूर्वी बूट टांगलेला प्लंबर आणि समोर युरोपातला बलाढ्य संघ. मला तो सामना बघायला मिळाला असता तर...

भाची : त्या दिवशी प्रेस्टनच्या कुणाला वाटलं असेल का की आपला टॉम बाटला?

मामा : छे! अभिमानच वाटला असणार.

भाची : मग तोच न्याय १९५२ ला लावा. आणि तोच आपल्याकडच्या पोरांनाही.

मामा : पोरांचं वेगळं आहे. पोरं पैसे घेऊन जातात याचं मला दुःख नाही एवढं. जाताना मागं वळून बघत नाहीत, त्याचं आहे. पण ठीक आहे, गद्दार म्हणणं सोडतो. तू मात्र एक कर. त्या डीपडेलबाहेरच्या पुतळ्याचा फोटो नीट बघ. २००४ मध्ये बसवला तो. मूळ छायाचित्र १९५६ चं, चेल्सीच्या मैदानावरचं. पावसानं मैदानाचं तळं झालंय. फिनी चेंडू घेऊन त्या पाण्यातून घसरत निघालाय, अंग जवळजवळ आडवं, एक हात पाण्याला टेकायला आलेला, पाण्याचा फवारा डोक्याच्या वर. मागं चेल्सीचे दोघं फसलेले. आणि नजर? नजर चेंडूवर. कुणी पाय घातला, कुणी ढकललं, तिकडं लक्षच नाही. शिल्पकारानं पुतळ्याला खरंच कारंजं लावलंय.

भाची : प्लंबरच्या पुतळ्याला पाण्याची जोडणी. कुणीतरी खुसखुशीत डोक्याचा माणूस असणार.

मामा : हस तू. पण मला त्यात काय दिसतं सांगू? त्या काळी विंगरला लाथाच बसायच्या. बचाव करणारे आधी घोटा बघायचे, मग चेंडू. चौदा हंगाम या माणसानं ते खाल्लं. उलटून लाथ नाही, पंचाशी हुज्जत नाही. सगळ्या कारकिर्दीत त्याला पंचानं एकदाही ताकीद दिली नाही. एकदाही! पगार लीगनं ठरवला, क्लब बकसाहेबानं ठरवला, जागा प्रशिक्षकानं ठरवली. पण लाथ बसल्यावर काय करायचं, हे कोण ठरवत होतं?

भाची : तो स्वतः.

मामा : मग तिथला साधेपणा तरी पुरता त्याचा ना?

भाची : पुरता त्याचा. तेवढ्यासाठी तुम्ही त्याला कितीही मोठं म्हणा, मी आड येणार नाही. मात्र १४ पौंडांत राबला म्हणून मोठा म्हणू नका. तो आकडा त्याच्या चारित्र्याचा नव्हता, लीगच्या नियमपुस्तकातला होता.

मामा : बरं बाई. बिल शँकली त्याच्याबरोबर प्रेस्टनला खेळला होता. तो म्हणायचा की फिनी ओव्हरकोट घालून उतरला तरी कुठल्याही काळात, कुठल्याही संघात थोर ठरला असता. मला वाटायचं ही नुसती तारीफ.

भाची : कुठल्याही काळात म्हणालाय ना? मग ज्या काळात खेळाडूला स्वतःचा भाव सांगता येतो, त्या काळातही. तिथे त्याने तो सांगितला असता, मामा, आणि तुम्हाला तो तितकाच आवडला असता.

मामा : आवडला असता. थोडी कुरकुर केली असती आधी.